कॉपर-सेरियात डोपिंगने रिक्त जागा वाढल्या, मग सक्रियता का घटली?

प्रयोगवही

नमस्कार. कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणासाठी तांबे घातलेल्या सेरियावर, म्हणजे सेरियम ऑक्साइडच्या उत्प्रेरकावर, गेली तीन वर्षे मी काम करते आहे. सध्या एका विसंगतीपाशी अडले आहे आणि मार्गदर्शकांशी चर्चा करूनही तिची उकल झालेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी तीन नमुने केले. तिन्हींत तांबे सारखेच घेतले, धातूंच्या एकूण अणूंपैकी ५ टक्के. पहिल्यात आणखी काही नाही, दुसऱ्यात ५ टक्के लँथनम, तिसऱ्यात ५ टक्के झिर्कोनियम (मूळ पदार्थात थोडे परके अणू असे मिसळणे म्हणजे डोपिंग, आणि ते अणू म्हणजे डोपंट). नायट्रेट क्षारांच्या द्रावणात अमोनिया घालून सहअवक्षेपण केले आणि साका धुऊन, वाळवून ५०० अंश सेल्सिअसला चार तास कॅल्सिनेशन केले, म्हणजे हवेत भाजला. लँथनम त्रिसंयुजी आहे आणि सेरियातला सेरियम चतुःसंयुजी. त्यामुळे विद्युतभाराचा हिशेब जुळवण्यासाठी दर दोन लँथनम आयनांमागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहायला हवी. रामन वर्णपटात (लेसरचा प्रकाश नमुन्यावरून विखुरून काढलेल्या वर्णपटात) तसे दिसलेही. ४६५ प्रति सेंटिमीटरजवळच्या मुख्य शिखराच्या तुलनेत ५५० ते ६०० च्या दरम्यानचा दोषपट्टा लँथनमच्या नमुन्यात सर्वांत ठळक आहे, आणि एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा मोजण्याच्या पद्धतीत) ऑक्सिजनच्या शिखराचा ५३१ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचा खांदाही त्याचाच सर्वांत मोठा आहे.

तरीही तीनही नमुन्यांत लँथनमचा नमुना सर्वांत मंद निघाला. निम्मे कार्बन मोनॉक्साइड जळायला लागणारे तापमान त्याचे सर्वांत जास्त, अगदी साध्या कॉपर-सेरियापेक्षाही जास्त. झिर्कोनियमचा नमुना, ज्याचा दोषपट्टा लहान आहे, तो मात्र सर्वांच्या पुढे आहे. रिक्त जागा जितक्या जास्त तितका उत्प्रेरक चांगला, असे वाक्य मी स्वतः माझ्या पहिल्या अहवालात लिहिले आहे. ते चुकीचे आहे, की माझी मोजमापे चुकीची आहेत?

जुनी_भट्टी

प्रश्न नेमका मांडला आहे. मोजमापांकडे नंतर येऊ. आधी त्या वाक्याकडे पाहू, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली दडलेल्या आहेत.

सेरियाची रचना फ्लुओराइटची. प्रत्येक सेरियमभोवती आठ ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार सेरियम. यातून एक ऑक्सिजन निघून गेला की तो दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो आणि ते शेजारचे दोन सेरियम आयन घेतात, म्हणजे दोन चतुःसंयुजी सेरियम त्रिसंयुजी होतात. ही झाली क्षपणाने (ऑक्सिजन गमावून इलेक्ट्रॉन मिळवण्याने) तयार होणारी रिक्त जागा. ती येते आणि जाते. हवेतला ऑक्सिजन मिळाला की भरते, कार्बन मोनॉक्साइड आले की पुन्हा रिकामी होते. उत्प्रेरकाचे चक्र हिच्यावर चालते.

लँथनममुळे येणारी रिक्त जागा अशी नाही. ती भट्टीतच, भरपूर हवेत, विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी तयार झालेली असते. तिच्याबरोबर त्रिसंयुजी सेरियम आलेला नसतो. शंभर वातावरणांचा ऑक्सिजन दिला तरी ती भरणार नाही, कारण ती भरली तर भाराचा हिशेब बिघडतो. रामन वर्णपटात दोन्ही प्रकार दोष म्हणूनच दिसतात. पण ऑक्सिजनची देवाणघेवाण पहिला प्रकार करतो, दुसरा जागा अडवून असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट समतोलाच्या नियमातून निघते. क्षपणाच्या अभिक्रियेत रिक्त जागा आणि त्रिसंयुजी सेरियम हे दोन्ही उत्पादाच्या बाजूला येतात. त्यांपैकी रिक्त जागा तुम्ही डोपिंगने आधीच भरमसाट करून ठेवल्या, तर त्याच तापमानाला आणि ऑक्सिजनच्या त्याच दाबाला समतोल मागे सरकतो आणि त्रिसंयुजी सेरियम कमी तयार होतो. म्हणजे आदर्श स्थितीत लँथनम किंवा गॅडोलिनियम घातलेला सेरिया शुद्ध सेरियापेक्षा क्षपणाला थोडा अधिक विरोध करतो. इंधनघटाच्या विद्युत-अपघट्यावर काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. तिथे गॅडोलिनियम मुद्दाम घालतात, कारण त्यांना ऑक्सिजन आयन वाहून नेणाऱ्या जागा हव्या असतात. तिथेही १० ते २० टक्क्यांच्या पुढे वाहकता घसरू लागते, कारण रिक्त जागा आणि डोपंट आयन एकमेकांना धरून बसतात आणि जागा हलेनाशा होतात. जागा वाढत असताना वाहकता घटते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

वर्णपट

जुनी_भट्टी यांच्याशी सहमत. पण ज्या दोन पुराव्यांवर हा प्रश्न उभा आहे, ते दोन्ही मला कच्चे वाटतात, म्हणून त्यांबद्दल लिहितो.

आधी ऑक्सिजनचा तो खांदा. ५२९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे शिखर जालकातल्या, म्हणजे स्फटिकाच्या अणुरचनेतल्या, ऑक्सिजनचे, याबद्दल वाद नाही. ५३१ ते ५३२ च्या दरम्यानच्या खांद्याला शेकडो लेखांत रिक्त जागेचे शिखर म्हटलेले आढळते. परंतु रिक्त जागा म्हणजे जिथे ऑक्सिजन नाही ती जागा. नसलेल्या अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडू शकत नाही. त्या खांद्यात मुख्यतः पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल आणि कार्बोनेट असतात. लँथनम ऑक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड किती आवडीने ओढून घेते हे बाटली उघडी राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुमच्या लँथनमच्या नमुन्यात खांदा मोठा आहे, याचा सरळ अर्थ त्याच्या पृष्ठभागावर कार्बोनेट जास्त आहे असा मी घेईन. हेच कार्बोनेट कमी तापमानाला सक्रिय जागा झाकून टाकतात. म्हणजे ज्याला तुम्ही रिक्त जागांचा पुरावा समजत होता, तो मंदपणाचे कारण असू शकतो. कार्बनच्या वर्णपटात २८९ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ कार्बोनेटचे शिखर दिसते का, ते आधी पाहा.

सेरियमच्या शिखरांवरून त्रिसंयुजीचे प्रमाण काढणार असाल तर एक काळजी घ्या. क्ष-किरण आणि निर्वात हे दोन्ही सेरियमचे क्षपण करतात, आणि द्विसंयुजी तांब्याचेही करतात. तांबे आणि सेरियम यांची शिखरे सर्वांत आधी, झटपट घ्या आणि शेवटी पुन्हा घेऊन तुलना करा. फरक पडला असेल, तर नमुना तुमच्या डोळ्यांसमोर बदललेला आहे.

आता रामन. तांबे घातलेला सेरिया गडद रंगाचा असतो आणि लेसरचा प्रकाश शोषतो. शोषण वाढले की मुख्य शिखर खाली बसते आणि दोषपट्ट्याशी त्याचे गुणोत्तर आपोआप बदलते. तुम्ही लेसर कोणता वापरला? ५३२ नॅनोमीटरचा लेसर सेरियाच्या बराच आत जातो. ३२५ नॅनोमीटरचा पृष्ठभागाजवळच शोषला जातो, शिवाय अनुनादामुळे दोषपट्टा फार मोठा दिसतो. दोन लेसरांवर काढलेली गुणोत्तरे एका तक्त्यात कधीच ठेवू नयेत. दोषपट्टाही एकसंध नसतो. ५६० च्या आसपासचा भाग रिक्त जागेशी जोडलेला मानतात आणि ६०० च्या आसपासचा भाग डोपंटभोवती आठही ऑक्सिजन शाबूत असतानासुद्धा, केवळ आयनाचा आकार निराळा असल्यामुळे येतो.

प्रयोगवही

दोघांचेही मनापासून आभार. लेसर ५३२ चा होता. कार्बनचा वर्णपट काढून पाहिला. २८९ जवळचे शिखर लँथनमच्या नमुन्यात खरोखर ठळक आहे, इतर दोघांत जेमतेम आहे. त्या खांद्याला रिक्त जागा म्हणणे मी सोडून दिले आहे.

पण झिर्कोनियमचे काय? तोही चतुःसंयुजीच आहे, म्हणजे भाराच्या हिशेबाने त्याने एकही जागा रिकामी करायला नको.

मांडवीकाठ

झिर्कोनियमचे काम भाराचे नाही, आकाराचे आहे. आठ शेजारी असताना चतुःसंयुजी सेरियमची त्रिज्या ०.९७ अँगस्ट्रॉम, झिर्कोनियमची ०.८४. इतका लहान आयन सेरियमच्या जागी बसला की त्याच्याभोवतीचे ऑक्सिजन ओढले जातात, काही बंध आखूड होतात, काही लांब आणि सैल. शिवाय झिर्कोनियमला आठ शेजारी फारसे मानवत नाहीत. सामान्य तापमानाला स्थिर असणाऱ्या झिर्कोनियाच्या रूपात त्याला सातच शेजारी असतात. म्हणून त्याच्या बाजूचा ऑक्सिजन सोडणे जालकाला सोपे जाते. ऑक्सिजन गेल्यावर त्रिसंयुजी झालेला सेरियम १.१४ अँगस्ट्रॉम इतका फुगतो. त्या फुगवट्याला लागणारी मोकळीकही लहान झिर्कोनियमच करून देतो. मोटारींच्या धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांत शुद्ध सेरियाची जागा सेरिया-झिर्कोनियाने घेतली ती यासाठी, आणि उष्णतेत तो टिकतो म्हणून. तेव्हा झिर्कोनियम रिक्त जागा तयार करून ठेवत नाही, वेळ आली की तयार होणे स्वस्त करतो.

आता मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा मुद्दा. या चर्चेत आपण लँथनम आणि झिर्कोनियमला डोपंट म्हणतो आहोत, आणि तांब्याला जणू पाहुणा समजतो आहोत. तांबे जालकात शिरले तर तेच सर्वांत प्रभावी डोपंट आहे. साधा हिशेब करू. शंभर धातू-आयनांमागे ऑक्सिजनच्या दोनशे जागा. पाच लँथनममुळे अडीच जागा रिकाम्या. पाच तांबे द्विसंयुजी अवस्थेत जालकात बसले, तर प्रत्येकी एक, म्हणजे पाच जागा रिकाम्या, लँथनमच्या दुप्पट. म्हणून लँथनम घालून जागांची संख्या किती वाढली हे विचारण्याआधी, लँथनम आल्यावर तांबे जालकात पहिल्याइतकेच राहिले का, हे विचारावे लागते.

तांबे सेरियाच्या जालकात खरोखर शिरते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्ष-किरण शोषणाच्या सूक्ष्म रचनेवरून दाखवले गेले. तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या हेगडे यांच्या गटाने केला आणि त्यात गोवा विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांचाही वाटा होता, याचा मला गोव्यात शिकलेला विद्यार्थी म्हणून आजही अभिमान वाटतो. त्या गटाची ज्वलन-संश्लेषणाची पद्धत साधी आहे. सेरियमचा क्षार, तांब्याचा क्षार आणि इंधन पाण्यात विरघळवून पसरट काचेचे भांडे ३५० अंशांच्या मफल फर्नेसमध्ये ठेवायचे. पाणी उडते, द्रावण पाकासारखे घट्ट होऊन फुगते, एका कडेला ठिणगी पडते आणि ती लाल रेघ भांडेभर सरकत जाते. मिनिटभरात सगळे संपते आणि मागे हाताने उचलले तर उडून जाईल अशी फुललेली भुकटी राहते. आयनांना वेगळे व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून तांबे जालकात अडकते.

जालकातल्या तांब्याला मात्र आठ ऑक्सिजनांचा घन अजिबात आवडत नाही. ते मध्यापासून सरकते आणि चार ऑक्सिजनांच्या सपाट चौकोनात बसते. त्यामुळे त्याच्या शेजारची पहिली जागा जवळजवळ फुकटात रिकामी होते. ती भार जुळवणारी जागा. खरी परीक्षा दुसऱ्या जागेची, कारण ती रिकामी करताना सेरियमचे किंवा तांब्याचे क्षपण व्हावे लागते. अनेक गणनांमध्ये पहिल्या जागेची ऊर्जा छापून तांब्यामुळे सेरिया किती सहज ऑक्सिजन सोडतो असे म्हटलेले असते. माझ्या मते ती तुलना न्याय्य नाही. दुसऱ्या जागेची ऊर्जा द्यायला हवी.

तांबट_आळी

माझे मत थोडे निराळे आहे, आणि ते इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. जालकातल्या तांब्याला आपण वाजवीपेक्षा जास्त मान देत आहोत. नमुना नायट्रिक आम्लाने धुतला की पृष्ठभागावरचे कॉपर ऑक्साइड निघून जाते आणि जालकातले तांबे राहते. धुतलेल्या नमुन्याची सक्रियता बहुतेक वेळा चांगलीच घसरते. याचा अर्थ काम करते ते सेरियाच्या अंगावर पसरलेले, अतिशय बारीक कॉपर ऑक्साइड, आणि त्याची सेरियाशी जिथे गाठ पडते ती कड. तिथे कार्बन मोनॉक्साइड एकसंयुजी तांब्याला चिकटते. अवरक्त वर्णपटात २१०० ते २१२० प्रति सेंटिमीटरच्या दरम्यान दिसणारा पट्टा त्याचाच. शेजारचा ऑक्सिजन घेऊन ते निघून जाते आणि कडेवर एक जागा रिकामी होते. मोजायची असेल तर ही जागा मोजा. स्फटिकाच्या पोटातल्या जागांचा कार्बन मोनॉक्साइडशी संबंध येत नाही.

क्ष-किरण विवर्तनात कॉपर ऑक्साइडची ३५.५ आणि ३८.७ अंशांवरची शिखरे दिसली नाहीत, म्हणून सगळे तांबे जालकात गेले, असा निष्कर्ष कृपा करून कोणी काढू नये. बारीक विखुरलेले ऑक्साइड विवर्तनाला दिसतच नाही.

मांडवीकाठ

आम्लाने धुण्याच्या प्रयोगाचा निष्कर्ष मला मान्य आहे. तरी जालकातले तांबे निरुपयोगी ठरते असे मी म्हणणार नाही. कड ज्या सेरियावर उभी आहे, त्या सेरियाने रिकामी झालेली जागा आतून ऑक्सिजन सरकवून भरायची असते, आणि तिथे जालकातल्या तांब्याचा आणि झिर्कोनियमचा उपयोग होतो. धुतल्यावर घसरण होते, पण शुद्ध सेरियाइतका तो नमुना खाली जात नाही, हेही लक्षात घ्यावे.

तांबट_आळी

हे मान्य.

जुनी_भट्टी

प्रयोगवही, एक व्यावहारिक प्रश्न. अवक्षेपणाच्या वेळी पीएच किती ठेवला होता, आणि तिन्ही नमुन्यांना तोच ठेवला होता का? गाळलेल्या पाण्याचा रंग आठवतो का?

प्रयोगवही

वही काढून पाहिली. साध्या आणि झिर्कोनियमच्या नमुन्याला पीएच ८ च्या जवळ होता. लँथनमचे हायड्रॉक्साइड इतरांपेक्षा जास्त पीएचला पूर्ण खाली बसते असे वाचले होते, म्हणून त्या नमुन्यात अमोनिया वाढवून मी तो १० पर्यंत नेला. त्या दिवशीच्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिले आहे, "गाळलेले पाणी निळसर". मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही.

जुनी_भट्टी

तो निळा रंग तुमच्या तांब्याचा आहे. अमोनिया जास्त झाला की कॉपर हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळते आणि चार अमोनिया रेणूंनी वेढलेला गडद निळा आयन होऊन गाळणीतून निघून जातो. सेरियम आणि लँथनम खाली बसलेले राहतात. म्हणजे तुमच्या लँथनमच्या नमुन्यात ५ टक्के तांबे नाही. किती आहे ते आयसीपी (धातूंचे प्रमाण मोजणारे विश्लेषण) करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. मी विद्यार्थी असताना सोडियम कार्बोनेटने अवक्षेपण करून याच्या उलट चूक केली होती: तांबे सगळे राहिले, पण सोडियम धुतले गेले नाही आणि त्याने सक्रियता मारली. त्यासाठी सहा महिने मी डोपंटला दोष देत होतो.

सेरियमचे क्लोराइडही या कामात टाळावे. उरलेले क्लोराइड आयन ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांतच जाऊन बसतात, आणि मग आपण ज्यांचा अभ्यास करतो आहोत त्या जागाच व्यापल्या जातात.

वर्णपट

नमुने पुन्हा करणार असाल, तर मोजणीची पद्धतही बदला. स्थिर अवस्थेतल्या जागा मोजण्यापेक्षा त्यांची ये-जा मोजा. अभिक्रियेच्याच तापमानाला, समजा १०० किंवा १२० अंशांना, आधी कार्बन मोनॉक्साइडचे ठरावीक आकाराचे झोत सोडा, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो ते पाहा. मग ऑक्सिजनचे झोत सोडून किती परत घेतला जातो ते पाहा. जी जागा या दोन्ही फेऱ्यांत भाग घेत नाही, ती वर्णपटात कितीही ठळक असली तरी या प्रश्नापुरती मोजू नका. कार्बोनेट अडकून राहते म्हणून ऑक्सिजनची बाजू अधिक विश्वासाची धरा.

हायड्रोजनच्या टीपीआरमध्ये (तापमान हळूहळू वाढवत किती हायड्रोजन वापरला जातो ते मोजण्याच्या प्रयोगात) १५० ते २०० अंशांच्या आसपास येणाऱ्या शिखरांचे क्षेत्रफळ काढा. तेवढ्या हायड्रोजनपैकी आयसीपीवरून मिळालेल्या तांब्याला जितका लागतो तो वजा केला, की उरलेला शेजारच्या सेरियाच्या पृष्ठभागाने घेतलेला असतो. एरवी हा पृष्ठभाग ५०० अंशांच्या जवळपास क्षपित होतो. तांब्यामुळे तो इतका खाली येतो. नायट्रस ऑक्साइडने तांब्याचा विखुरलेपणा मात्र मोजू नका, कारण तो वायू सेरियातल्या रिक्त जागाही भरतो आणि आकडा फुगतो.

प्रयोगवही

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. आयसीपीचे निकाल आले: लँथनमच्या जुन्या नमुन्यात तांबे ठरवलेल्या प्रमाणापेक्षा बरेच कमी निघाले, इतर दोघांत जवळपास बरोबर. तिन्ही नमुने मग इंधन म्हणून ग्लायसिन वापरून ज्वलन-पद्धतीने पुन्हा केले. मांडवीकाठ यांनी लिहिलेली ती सरकत जाणारी लाल रेघ फर्नेसच्या दाराच्या फटीतून प्रत्यक्ष पाहिली. या वेळी तिन्हींत तांबे सारखे आहे, आणि पृष्ठफळातला फरक धरून दर चौरस मीटरमागे वेग काढला.

लँथनमचा नमुना आता साध्या कॉपर-सेरियाच्या खूप जवळ आला आहे, तरी त्याच्या पुढे गेलेला नाही. झिर्कोनियमचा अजूनही पुढे आहे, मात्र पहिल्याइतका नाही. झोतांच्या मोजणीत १२० अंशांना सर्वांत जास्त ऑक्सिजन परत घेणारा नमुनाही झिर्कोनियमचाच आहे. लँथनमचा नमुना मोजणीआधी हेलियममध्ये ४०० अंशांना तापवून घेतला, तेव्हा तो थोडा सुधारला. रात्रभर हवेत ठेवल्यावर पुन्हा मागे आला. कार्बोनेटबद्दलचा तर्क त्यामुळे मला पटला आहे.

एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली ती सांगते. तांबे न घातलेला शुद्ध सेरिया तुलनेसाठी काचेच्या नळीत हायड्रोजनमध्ये तापवला होता. फिकट पिवळी भुकटी तापत तापत राखाडी-निळी झाली. थंड झाल्यावर नळीच्या एका टोकाने हवा आत सोडली, तेव्हा त्या टोकापासून पिवळा रंग परत येऊ लागला आणि काही क्षणांत दुसऱ्या टोकाला पोचला. लँथनम घातलेला, तांबे नसलेला सेरिया हवेत तसाच ठेवला तर फिकटच राहतो, जरी त्यात भाराच्या हिशेबाने रिकाम्या असलेल्या जागा भरपूर आहेत.

आता प्रॅसिओडिमियम घ्यावे असा विचार आहे, कारण तो स्वतःच चतुःसंयुजी आणि त्रिसंयुजी यांच्यात ये-जा करतो. त्याबाबत काही सावधगिरी?

वर्णपट

प्रॅसिओडिमियम घातलेला सेरिया विटकरी लाल होतो आणि ५३२ चा लेसर जोरात शोषतो. दोषपट्टा प्रचंड दिसेल. त्यातला बराचसा भाग शोषणाचा आणि अनुनादाचा असेल. त्या नमुन्यांचे गुणोत्तर लँथनमच्या तक्त्यात घालू नका. झोतांची मोजणी मात्र जशीच्या तशी चालेल.

जुनी_भट्टी

आणि भुकटी कॅल्सिनेशननंतर डेसिकेटरमध्येच ठेवा, तिन्ही बाटल्यांवर काढल्याची तारीख घाला. लँथनमच्या नमुन्याचे वय किती दिवसांचे, हे प्रत्येक मोजणीशेजारी लिहिलेले असू द्या.